चाळणीवरचे खडे

३ ऑक्टोबर, गुरुवार

संस्थेनं दोन वह्या दिल्या. एकीत छापील रकाने आहेत: खड्डा क्रमांक, उतार, खोली, रंग, खडे टक्के, चुना. ती मातीची वही. दुसरी कोरी. ही कशाला, असं विचारलं तर नरहर सर म्हणाले, "किराणा लिहा." ते जालन्याच्या कार्यालयातले आमचे प्रकल्पप्रमुख. त्यांच्या मते मी प्रत्येक गोष्ट जरा जास्तच मनावर घेते. किराणा लिहिणार नाही. हे लिहीन.

हसनाबादच्या वर, डोंगराच्या पोटाशी पस्तीस उंबऱ्यांची ही वाडी. माझं काम तीन महिन्यांचं. उतारावर बारा खड्डे घ्यायचे, मातीचे नमुने प्रयोगशाळेला पाठवायचे आणि कोणाच्या रानात मोसंबीची बाग होईल ते लिहून द्यायचं. ज्याच्या कार्डावर 'योग्य', त्याला रोपं, ठिबक, शेततळं सगळं संस्थेकडून. म्हणजे माझ्या एका शब्दावर एखादं घर उभं राहील. बसमध्ये हाच विचार करत आले.

राहायला दैवशाला मावशींच्या घरामागची खोली मिळाली. मावशी पन्नाशीची असेल. नवरा वारून बारा वर्षं झाली. एकच मुलगा, तो जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुला म्याडम म्हनू का बाई म्हनू?"

"भावना म्हणा."

"मंग बाई म्हनते," ती म्हणाली.

५ ऑक्टोबर, शनिवार

पहिला खड्डा मावशीच्याच रानात. तिचं तीन एकर बरड रान डोंगराच्या ऐन उतारावर आहे. खणायला मजूर मिळेना, तर तीच टिकाव घेऊन आली. कमरेएवढं गवत. त्याला इथं पवन्या म्हणतात; दाणा भरला की त्याच्यावर तांबूस झाक येते. मधे मधे कुसळ. माझी ओढणी कुसळांनी शिवल्यासारखी झाली.

पण गवताच्या आत शिरायच्या आधी मावशीनं मला थांबवलं. "वाकडं तिकडं चालू नको. बांधानं चल. कुरन राखून ठेवलंय." पोळ्यापासून दिवाळीपर्यंत या गवतात ना गुरं सोडायची, ना विळा लावायचा. आणि दिवाळीला पहिला विळा कोणी लावायचा, तर घरातलं जे माणूस सगळ्यात लांब गेलंय त्यानं. तो आल्याशिवाय कापणी नाही. वाडीत सगळ्यांकडे हीच रीत.

"आणि नाहीच आला तर?"

"येतो की," मावशी म्हणाली. "गवत उभं ऱ्हायल्यावर कुनाला झोप लागंल?"

वर चार बोटं तपकिरी माती, मुळांनी गच्च. खाली सगळा मुरूम. टिकावानं निघत होता म्हणून तीन फूट गेलो. खोली: नव्वद सेंटीमीटर. आम्लाचे थेंब टाकले तर खालच्या थरात पांढरा फेस आला, म्हणजे चुना आहे. मावशी उकिडवी बसून बघत राहिली. "दगडाला बी उकळी फुटती म्हन की!"

मी तिला सांगितलं, हा आख्खा डोंगर एके काळी तापलेला रस होता. थरावर थर वाहत आला आणि निवला. मग लाखो वर्षं ऊन-पाणी खाऊन त्याचा मुरूम झाला, आणि मुरमाची ही चार बोटं माती.

"लाख वर्सांत चारच बोटं?" ती म्हणाली. "लईच कंजूस."

६ ऑक्टोबर, रविवार

मावशीचा मुलगा आला. सोमेश्वर नाव. पंधरवड्यातून एकदा सुट्टीला मोटारसायकलवर येतात. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लहान लहान काळे डाग, लोखंडाच्या ठिणग्यांचे. माझा खड्डा पाहिला, खाली उतरले, मुरूम मुठीत घेऊन वास घेतला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "तिथं दिवसभर नाकात जळालेलं लोखंड ऱ्हातं, म्याडम. हितं आलो की पहिलं नाक धुऊन घेतो."

मी लाव्हारसाचं सांगितलं. ते हसले. "मंग आमचंच काम हाय की. लालभडक येतं, निवतं. आमची सळई निघती, तुमचा डोंगर."

त्यांना काय म्हणावं कळत नाही. भाऊ म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही.

९ ऑक्टोबर

प्रत्येक खड्ड्यातून तीन घमेली माती आणून, सावलीत वाळवून, लाकडी मोगरीनं हलकेच फोडून, दोन मिलिमीटरच्या चाळणीनं चाळते. चाळून खाली पडलेल्यातली अर्धा किलो माती पिशवीत. वर राहिलेले खडे टाकून द्यायचे. कॉलेजात शिकवलं तेच: खडे, मुळं, काडीकचरा काढून टाका. वहीतला 'खडे टक्के' हा रकाना मी आडवी रेघ मारून सोडते. जे प्रयोगशाळेत जाणारच नाही त्याचं काय लिहायचं?

आज पहिले खडे कुंपणापलीकडे भिरकावणार तर मावशी ओरडली, "टाकू नको! हिकडं दे." न्हाणीपाशी पाणी सांडून चिखल होतो, तिथं पसरायला तिला हवे होते. घमेलं घेऊनच आली.

१८ ऑक्टोबर

आठ खड्डे झाले. हाताला घट्टे आले आहेत. त्यांचा फोटो काढून अण्णांना पाठवला. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं कुंभार पिंपळगावला चार एकर रान आहे, सगळं काळं. ओलं असलं की पायाला चिकटून घरापर्यंत येतं, वाळलं की हात जाईल एवढ्या भेगा. अण्णांचा फोन आला. "शिकून मातीतच हात घातला का? मंग हितलीच माती काय वाईट होती?" पण आवाजात कौतुक होतं. दहावीच्या पुढे गेलेलं आमच्या घरात मी पहिलंच माणूस. पदवीचा फोटो त्यांनी रेशनच्या दुकानातल्या माणसालासुद्धा दाखवला आहे.

मी लहान असताना रानात खडा सापडला तर आम्ही खिशात घालून आणायचो. एवढं त्याचं अप्रूप. इथं पोरं ढेकूळ सापडलं तर आणत असतील.

२० ऑक्टोबर, रविवार

सोमेश्वर आले. मी ओट्यावर ओढणीतली कुसळं ओढत बसले होते, धागेच निघत होते. म्हणाले, "उलटं नका ओढू. टोक जिकडं घुसलंय तिकडूनच पुढं काढा, आपूआप येतंय." तीन-चार काढून दाखवली. बरोबर निघाली.

बाकी विशेष काही नाही. दहावा खड्डा झाला.

२६ ऑक्टोबर

बारा नमुने पाठवले. काम संपल्यासारखं वाटायला हवं होतं.

मावशीशी बोलताना आज कळलं की सोमेश्वरला कारखान्यात क्रेन चालवायचं कायम काम मिळतंय. डिसेंबरात हो-नाही सांगायचं. एकदा हो म्हटलं की गेलाच तो, असं मावशी म्हणते. मग जालन्यात खोली घेणार, आईलाही तिकडेच ने म्हणणार. "मी काय करू तिथं? पत्र्याच्या खोलीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुझ्या कागदात चांगलं निघालं तर येईल बघ तो. बाग म्हनली की येईल."

मी म्हटलं, निघेल. असं म्हणायला नको होतं. पण त्या चार बोटं मातीचा वास मी घेतला आहे. ती गवतानं वर्षानुवर्षं राखलेली माती आहे. ती वाईट कशी निघेल?

२ नोव्हेंबर, पाडवा (कुंभार पिंपळगाव)

घरी आहे. आईनं अनारसे केले. सगळे माझ्याभोवती. अण्णांनी मला बांधावर नेलं, काळ्या मातीतून पाय ओढत चाललो. मला वाटलं होतं, इथं आल्यावर जीव शांत होईल. शांत झाला नाही. सबंध रान सपाट, कुठं नजर अडत नाही.

आज डोंगरावर पहिला विळा लागला असेल. तो आला असेल.

आई म्हणाली, "लक्ष कुठं हाय गं तुझं?"

मी म्हटलं, प्रयोगशाळेचा निकाल यायचा आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

परत आले. एसटीतून उतरून वर पाहिलं. सगळ्यांची बरडं कापून झालेली, पिवळी, भादरल्यासारखी. मधोमध मावशीचं तीन एकर तसंच उभं. तांबूस. वाऱ्यानं हलत होतं.

दिवाळीला सोमेश्वरला सुट्टी मिळाली नाही. कारखान्यातली परप्रांतीय माणसं छठला गावी गेली, म्हणून इथल्यांना अडवून ठेवलं. शेजारची बेबीनंदा काकू कुंपणावरून म्हणाली, "दैवशाला, गवताचं खराटं व्हाया लागलंय. गुरं तोंड लावनार न्हाईत. काप की आता, रीत काय खायाची हाय का?"

"तुझं तू खा," मावशी म्हणाली, "माझं उभं ऱ्हाऊ दे."

१० नोव्हेंबर, रविवार

आला नाही. म्हणजे मला काही काम नव्हतं, पण सातव्या खड्ड्याजवळच्या जुन्या पाणवाटेबद्दल विचारायचं होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

निकाल आला!

मावशीच्या रानाचा सगळ्यात चांगला. सेंद्रिय कर्ब भरपूर. पालाश भरपूर. चुना बेताचा. खोली मी दिलेली, नव्वद. शेरा: मोसंबीस योग्य. सरांना फोन केला. म्हणाले, "बरडावर एवढं? वा." यादीत मावशीचं नाव पहिलं.

कार्ड घेऊन पळतच घरी गेले. मावशीला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं ती नाचेल. ती कार्डावर बोट फिरवत म्हणाली, "छापूनच आलंय न्हाई का? शाईनं?"

"हो, छापून."

"मंग त्याला दाखव. मी सांगितलं तर इश्वास धरायचा न्हाई. छापलेलं दाखव."

२४ नोव्हेंबर, रविवार

सोमेश्वर आला. कार्ड तीन वेळा वाचलं. मग एकटाच वर गेला. मी ओट्यावरून पाहत होते. गवताच्या कडेकडेनं चालत राहिला, दोनदा खाली बसला. अर्ध्या तासानं आला.

"म्याडम, एक विचारू? राग नका येऊ देऊ. ह्यात काही चूक असू शकती का? आमच्या आज्यानं तिथं हुलगा पेरल्ता, तो बी हाती आला न्हाई."

मी म्हटलं, "आजोबांनी माती तपासून घेतली नव्हती. आकडे खोटं बोलत नाहीत."

तो हसला. असा हसलेला मी त्याला पाहिला नव्हता. डोळ्यांपर्यंत. म्हणाला, "मंग येतोच. आठ तारखेच्या रविवारी गवत कापू. सोमवारी क्रेनला न्हाई म्हनून सांगतो. बुधवारी जेसीबी लावू, खड्डे घ्यायला." मावशी चुलीपाशी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण भाकरी थापायचा आवाज थांबला.

जाताना मोटारसायकल सुरू करून मला म्हणाला, "झाडं लावताना तुम्ही असाल ना?"

माझं काम डिसेंबरअखेर संपतं. पण मी म्हटलं, असेन.

आयुष्यात एखादं काम असं व्हावं की आपण गेलो तरी मागे काही वाढत राहील. हेच तर मला हवं होतं. मग इतकं कासावीस कशासाठी वाटतंय?

२५ नोव्हेंबर

सरांना विचारलं, कामाला मुदतवाढ मिळेल का. "अहवाल चांगला आहे," म्हणाले. "मिळेल."

५ डिसेंबर, गुरुवार

दुपारी न्हाणीपाशी कपडे धूत होते. बादली उलटी केली. पाणी गेलं. म्हणजे वाहून नाही गेलं. जिथं पडलं तिथंच नाहीसं झालं. पुन्हा एक बादली ओतली. पुन्हा तेच. इथं आधी चिखल असायचा.

मग मी खाली पाहिलं. पायाखाली मीच चाळलेले खडे होते. सगळी न्हाणी, दगडी डोणीच्या भोवती, पार तुळशीपर्यंत, बोटभर जाड. एवढे? मी प्रयोगशाळेला पाठवल्या बारा छोट्या पिशव्या. आणि हा ढीग.

हात कोरडेही न करता मातीची वही काढली. खडे टक्के: रेघ. रेघ. रेघ. बारा रेघा.

टिकाव घेऊन वर गेले. खड्ड्यातून घमेलंभर मुरूम काढून आणला, चाळला, ताणकाट्यावर खडे आणि माती दोन्हींचं वजन केलं. दहा किलोत साडेसात किलो खडे.

प्रयोगशाळेनं खोटं काही सांगितलं नाही. मी पाठवलेली माती खरंच चांगली होती. पण डोंगरावर ती फक्त पाव हिस्सा आहे, आणि तीही दगडांच्या फटीत. बाकी सगळ्यातून पाणी असंच जाईल, बादलीतल्यासारखं. 'नव्वद सेंटीमीटर' ही माती नव्हती, टिकाव जाईल तेवढा दगड होता. गवताची केसासारखी मुळं फटीफटीतून ओल शोधतात. मोसंबी कुठं शोधणार? पहिला उन्हाळा कसातरी काढेल. दुसरा नाही.

आमच्याकडे रानात खडे नसतात. म्हणून मला खडे हे कचऱ्यासारखे वाटले. इतकं साधं. इतकी शिकून.

तो सोमवारी क्रेनला नाही म्हणणार आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

सरांना आधी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "होतं पहिल्या कामात. पण यादी वर गेलीय, भावना. काही झाडं जगतीलच की. एवढं मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, दुरुस्त अहवाल पाठवते. म्हणाले, "पाठवा. पण मग मुदतवाढीचं मी काही सांगू शकत नाही."

मग मावशीला. ती ज्वारी निवडत होती. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. खडे, चाळणी, रेघा. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले.

तिनं सूप बाजूला ठेवलं नाही. निवडतच राहिली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तीस वर्सं झाली त्या बरडावर वाकून. तिथं काय येतं, काय न्हाई, मला कागद लागतो व्हय? खडे तू टाकत हुतीस अन् मीच घमेल्यात भरत हुते. म्हनलं, ही पोरगी डोंगर फेकून देती अन् मूठभर माती तपासाया धाडती."

"मग बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? निकाल चांगला येनार हुता."

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि माझा हात धरला. तिचा हात मुरमासारखाच आहे, कोरडा आणि गरम.

"येऊ दे गं त्याला. झाडं वाळेस्तोवर दोन वर्सं तर जातील. दोन वर्सं ऱ्हाईल घरात. दोन वर्सं सकाळी उठून दारात दिसंल. तू गप ऱ्हा. तुझं काय जातंय?"

मी उठून खोलीत आले.

७ डिसेंबर, शनिवार

तिनं मला दुपारी जेवायला वाढलं. एकमेकींकडे पाहिलं नाही.

माझं काय जातंय? खरं सांगायचं तर काहीच जात नाही, उलट मिळतंच. काम वाढेल. झाडं लावताना मी असेन. रोज ओट्यावरून वर पाहिलं तर तो दिसेल. हे लिहिताना मला कळतंय की असं काही लिहू नये. पण ही वही किराण्याची आहे, कोण वाचणार आहे?

नाही. झाडं वाळतील तेव्हा क्रेन दुसऱ्याकडे असेल. जेसीबीनं मोडलेलं गवत पुन्हा यायला किती वर्षं लागतील मला माहीत नाही. लाख वर्षांची चार बोटं. आणि तो पुन्हा त्याच कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहील, रोजंदारीवर, दोन वर्षांनी म्हातारा होऊन.

मावशीनं रीत मोडू नये म्हणून गवत वाळू दिलं. मीही माझी रीत मोडणार नाही. पण मी त्याला सांगणार आहे ते तत्त्वासाठी की स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला, हेही मला नीट कळत नाही.

८ डिसेंबर, रविवार

तो सकाळीच आला. नवा विळा घेऊन, हातात जेसीबीवाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. मावशी दारात उभी राहिली नाही, आत गेली.

मी म्हटलं, कापायच्या आधी वर चला. खड्ड्याच्या काठावर मी चाळलेल्या खड्यांचं घमेलं नेऊन ठेवलं होतं. दुसऱ्या घमेल्यात माती, जेमतेम पायली भरेल एवढी. खड्यांच्या घमेल्याला तळाला भोक आहे. त्यात तांब्याभर पाणी ओतलं. सगळं खाली गेलं. मी म्हटलं, "हे तुमचं रान आहे. आणि ही मी तपासलेली माती." "चूक माझी आहे. तुम्ही विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं."

तो उकिडवा बसला. ओल्या खड्यांत बोटं घातली. वारा होता, गवताचा आवाज येत होता, वाळलेल्या गवताचा खरखरीत.

"आईला माहीत हाय?"

"सांगितलंय."

"काय म्हनली?"

"काही नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मंग तिला आधीच ठावं असंल," तो म्हणाला.

तो उठला, शर्टाला हात पुसला. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. "आज्याच्या हुलग्यानं सांगितलं हुतं," म्हणाला. "पन छापून आल्तं ना."

मी धीर करून म्हटलं, "सीताफळ येऊ शकेल. बांधाबांधानं. त्याला एवढी माती लागत नाही."

"सीताफळाला पोरगं कशाला लागतंय, म्याडम? ते तर आपूआप येतंय."

मग त्यानं विळा घेतला आणि गवताला लावला. पहिली पेंढी बांधली, बांधावर उभी ठेवली. मावशी केव्हा वर आली मला कळलं नाही. ती दुसऱ्या टोकाला वाकली. मी पेंढ्या बांधायला लागले. मला बांधता येत नव्हतं, सुटत होत्या; मावशी येऊन न बोलता पुन्हा बांधत होती. दिवसभर तिघांनी कापलं. एकदाच तो ओरडला, "आई, जल्दी नको करू, बोट कापशील," आणि तिनं, "तू नको शिकवू मला," असं म्हटलं. एवढंच.

सूर्य कलल्यावर तो निघाला. आईच्या पाया पडला. चिठ्ठी चुलीत टाकली. मोटारसायकलवर बसून मला म्हणाला, "दुसऱ्याच्या रानात खडे बराबर मोजा, म्याडम." हसून म्हणाला. डोळ्यांपर्यंत नाही.

माझ्या ओढणीला कुसळं होती. कोणी काढून दिली नाहीत, आणि मी काढली नाहीत.

१३ डिसेंबर

क्रेनचं काम त्यानं घेतलं. बेबीनंदा काकूकडून कळलं. मावशी माझ्याशी बोलत नाही. सकाळी चहा खोलीबाहेर ठेवते आणि कडी वाजवून जाते. चहात साखर नेहमीइतकीच असते.

२० डिसेंबर

बाराही ठिकाणी पुन्हा खणून, पुन्हा वजन करून रकाने भरले. साठ, ऐंशी, पंचाहत्तर, सत्तर. अहवालाच्या शेवटी शिफारशीच्या जागी लिहिलं: 'हे रान गवतासाठी राखावं. राखणारी माणसं आहेत, त्यांना गवतासाठी मदत द्यावी.' सर म्हणाले, असा रकाना योजनेत नाही. मी म्हटलं, कागदाच्या मागे लिहिलं आहे.

मुदतवाढ नाही.

२९ डिसेंबर, रविवार

उद्या जायचं. आज तो आला नाही. दुपारपर्यंत रस्त्याकडे दोघी पाहत होतो, ती तिच्या दारातून, मी माझ्या. एकदा मोटारसायकलचा आवाज आला. दूधवाला बबलू होता. मावशी उठून बाहेर आली होती, मीही आले होते. दोघींनी एकमेकींना पाहिलं.

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "तू बी का गं?" ती म्हणाली. "माय माय! तू बी?"

मी म्हटलं, "मी काय? मी नुसतीच आले बाहेर."

"हो, हो. नुसतीच आलीस." मग तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि ओढणी हातात घेतली. एक एक करून आठ तारखेची कुसळं काढली. टोकाकडून. ती म्हणाली, "तू सांगितलंस ते बराबरच केलंस. पन मला त्याचा राग हाय. दोन्ही हाय. बिलकुल दोन्ही."

मग विचारलं, "तुझं गाव किती लांब?"

"पिंपळगाव? जालन्याच्याही पुढं. तिकडं खाली, घनसावंगीकडं."

तिनं मनाशी हिशेब केल्यासारखं केलं. "जालन्यापरीस लांब. मंग पुढच्या दिवाळीला पहिला इळा तुझा. तू येईस्तोवर मी गवत उभं ठेवीन. बेबीनंदा काय म्हनायचं ते म्हनू दे."

मी म्हटलं, नवीन नोकरी कुठं लागेल माहीत नाही, सुट्टी मिळेल की नाही सांगता येत नाही.

"त्याला बी मिळत न्हाई," ती म्हणाली. "म्हनून काय गवत कापायचं?"

पुढच्या दिवाळीला तो येईल का, हे मी विचारलं नाही.

३१ डिसेंबर (कुंभार पिंपळगाव)

मावशीच्या रानातला एक खडा आणला आहे. तांबडट, भोकाभोकांचा, भोकांत पांढरे ठिपके. अण्णांच्या हातावर ठेवला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, दातानं चावून पाहिला.

"ह्याच्यावर काय येतं?"

"गवत."

"आन आनखी?"

अंगणात काळी माती होती, सकाळच्या सड्यानं ओली. तिच्यावर पाणी अजून तसंच होतं, कुठं गेलं नव्हतं. मी खडा परत घेतला.

"दिवाळीला माणसं येतात," मी म्हटलं. "कधी कधी."